इंग्रजीतल्या ‘रन’ या शब्दाचे सगळे अर्थ पाठ कसे करायचे?

पाठ करू नका. होणारही नाहीत.

तुम्ही लिहिलंय की शाळेत ‘रन’ म्हणजे धावणे एवढंच शिकलो, आता स्पर्धा परीक्षेसाठी इंग्रजी पेपर वाचायला घेतला तर नाक, नळ, दुकान, बस, निवडणूक, जिकडं बघावं तिकडं ‘रन’. तर याचे एकूण अर्थ किती आणि यादी कुठं मिळेल. किती ते सांगते. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या नव्या आवृत्तीसाठी ही नोंद पुन्हा लिहिली गेली तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. पीटर गिलिव्हर या संपादकाचे त्या एका नोंदीत नऊ महिने गेले. १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ची होती, तिलाही ‘रन’नं मागं टाकलं. ज्यांचं आयुष्य शब्दांत गेलं त्यांना एवढा वेळ लागतो, आणि आपल्याकडं वहीच्या मधोमध रेघ मारून डावीकडं ‘रन’, उजवीकडं ‘धावणे’ लिहिलं की शब्द झाला. या रेघेच्या वहीची मला मनापासून चीड आहे.

मी नांदेड जिल्ह्यात गोदाकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर इंग्रजी शिकवते. एकदा सातवीच्या वर्गावर तपासणीला साहेब आले. त्यांनी फळ्यावर वाक्य लिहिलं, ‘द गोदावरी रन्स थ्रू नांदेड’, आणि एका मुलीला उभं करून मराठीत सांगायला लावलं. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, ती आजीजवळ राहून शिकायची. वर्गात सगळ्यात आधी हात तिचा वर व्हायचा. ती ठसक्यात म्हणाली, “गोदावरी नांदेडातून पळती.”

साहेब मोठ्यानं हसले. “का गं, गंगेला पाय फुटले का?” साहेब हसले म्हटल्यावर सगळा वर्ग हसला. पोरगी मान खाली घालून बसली.

मग ते माझ्याकडं वळले. “मॅडम, शब्दार्थ कच्चे आहेत. पाठ करून घेत चला.”

मी म्हणाले, “साहेब, तिचा शब्दार्थ पक्का आहे. म्हणूनच वाक्य बिघडलं. रन म्हणजे पळणे हे ती खालच्या वर्गापासून घोकत आलीय. घोकलेलं तिनं जसंच्या तसं सांगितलं.”

“मग बाकीचे अर्थपण घोकून घ्या. भिंतीवर तक्ता लावा.”

मला राहवलं नाही. मी वर्गाला विचारलं, “पोरांनो, ‘लागणे’ म्हणजे काय? एकेकानं एकेक वाक्य सांगा.” सुरुवातीला भूक लागली, ठेच लागली, झोप लागली असं आलं. मग पोरं उठून उठून सांगायला लागली. उसाला आग लागली. आमच्या बोअरला पाणी लागलं. टँकरला नंबर लागला. कापसाला बोंडअळी लागली. मामाला पोलिसात नोकरी लागली. फाट्यावर यष्टी लागली. आईला यष्टीत गाडी लागती. निकाल लागला, फोन लागंना, दादाच्या लग्नाला हळद लागली, लग्न लागलं. एक पोरगा म्हणाला, ही माझी मावशी लागती. आणि सगळ्यात शेवटी तीच मुलगी, बसल्या जागेवरून, हळू आवाजात: “ग्रहण लागलं.”

मी साहेबांना विचारलं, “यातला एक तरी अर्थ यांना कुणी पाठ करून घेतलाय का? तक्ता लावलाय का?” ते म्हणाले, “विषय इंग्रजीचा आहे, मॅडम,” आणि ऑफिसात जाऊन शेरेबुकात लिहून गेले, ‘विद्यार्थ्यांचे शब्दार्थ कच्चे, पाठांतर घ्यावे.’ त्यानंतर बरेच दिवस त्या मुलीनं वर्गात हात वर केला नाही. शेऱ्यापेक्षा मला त्याचा राग जास्त आहे.

हे हसणं आम्हा मराठवाड्याच्या लोकांना चांगलं ओळखीचं आहे. आमच्याकडं, लातूर-नांदेडच्या पट्ट्यात, ‘काय करूलालास’ म्हणतात. पुण्यात शिकायला गेलेल्या पोराच्या तोंडून ते निघालं की रूमवरचे हसतात. त्यातलं ‘लाला’ म्हणजे ‘लागला’च, ‘करू लागलास’ हेच तोंडातोंडी आटत गेलं. एकाच क्रियापदातून इतकी कामं काढून घेणाऱ्या माणसांना इंग्रजी ‘रन’ची भीती घालायची, हे मला पटत नाही.

आता ‘रन’कडं येते. नदीला इंग्रजीत ‘रन’ का, हे त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी ‘चालणे’ घेऊन सांगितलं. पिठाची गिरणी चालते, घड्याळ चालतं, खटला चालतो, मोटार चालते, बाप दुकान चालवतो, सरपंच गाव चालवतो. यातल्या कशालाच पाय नाहीत. काहीतरी सुरू आहे, थांबलेलं नाही, एवढंच आपण म्हणतो. त्यासाठी इंग्रजीनं पळणे उचललं आणि आपण चालणे उचललं. नळ, नाक, नदी यांना आपण वाहणे वापरतो, तिथंही इंग्रजी ‘रन’वरच भागवतं. बस दर तासाला ‘रन’ करते, कच्चा रंग धुण्यात ‘रन’ होतो, मधुमेह घराण्यात ‘रन’ होतो. सगळीकडं एक गोष्ट न थांबता पुढं जातेय. एवढं धरलंत की निम्मी वाक्यं न अडता उलगडतात. निवडणुकीला ‘रन’ ही अमेरिकेची रीत, इंग्लंडात उमेदवार ‘स्टँड’ होतो. शर्यत आणि उभं राहणं, दोन्ही आपल्याला कळतं.

उरलेले अर्थ मागं चिकटलेल्या छोट्या शब्दामुळं बदलतात, आणि तिथं खरी अडचण आहे. ‘रन इनटू’ म्हणजे अचानक गाठ पडणं, ‘रन ओव्हर’ म्हणजे गाडीखाली येणं. ‘रन आउट’ तर आपल्या पोरांना क्रिकेटमुळं आधीच पाठ असतं, म्हणून घरातली साखर ‘रन आउट’ झाली की ती चक्रावतात. साखर संपली, एवढंच. हे जोड शब्द एकेकटे सुटत नाहीत, अख्ख्या वाक्यासकटच ध्यानात राहतात.

म्हणून वही ठेवा, पण मधली रेघ काढून टाका. पेपरात जे वाक्य सापडलं ते पूर्ण उतरवा आणि त्याखाली आपल्या घरच्या बोलीत ते कसं म्हणाल ते लिहा. प्रमाण मराठीत लिहायची गरज नाही. ‘माय नोज इज रनिंग’खाली ‘नाक गळूलालंय’ लिहिलंत तरी ते बरोबरच आहे, आणि जास्त टिकतं. शब्द कुणासोबत आलाय तिकडं बघा. अर्थ बहुतेक वेळा शेजारच्या शब्दात असतो. कोश उघडलात तर अर्थांवर नजर न लावता खालची उदाहरणं वाचा.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी पाचवीपासून होतं. वर्षं वाढवली आणि रेघेची वही तशीच ठेवली, मग आठवीतल्या मुलाला नळ ‘रन’ होतो हे कळत नाही म्हणून मराठी माध्यमाला बोल लावायचा. तालुक्याला नव्या निघालेल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांतल्या वह्यासुद्धा मी बघितल्यात. तिथंही तीच रेघ आहे. तुमच्या क्लासचे सर ‘सगळे अर्थ पाठ करा’ म्हणत असतील तर त्यांना ‘लागणे’चे सगळे अर्थ फळ्यावर लिहायला सांगा. आदरानं सांगा, पण सांगा.

तुमची परीक्षा आहे, म्हणून एवढं मान्य करते की समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न येतात आणि त्यांना थोडं पाठांतर लागतंच. जुन्या प्रश्नपत्रिका काढा, त्यात आलेले तेवढे करा. अगदी पहिली-दुसरीच्या लेकरालाही सुरुवातीला एक शब्द, एक अर्थ असंच द्यावं लागतं, त्याला माझी हरकत नाही. ‘रन’ झाला की ‘टेक’ आणि ‘गेट’ याच पद्धतीनं घ्या. ‘सेट’ शेवटी ठेवा, त्यात नामं आणि क्रियापदं फार गुंतलेली आहेत.