जीपमध्ये टायर भरण्यासाठी एसीचा जुना कंप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालवता येईल का?

येईल, मात्र कंप्रेसर कोणत्या जातीचा आहे, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. यॉर्क कंपनीच्या जुन्या पिस्टन कंप्रेसरला स्वतःचे तेलाचे कुंड असल्याने तो या कामाला उत्तम. सँडेन कंपनीच्या कंप्रेसरसारखा कंप्रेसर एसीच्या गॅसबरोबर फिरणाऱ्या तेलावरच चालतो आणि नुसती हवा ओढू लागला की कोरडा पडून जाम होतो, म्हणून त्याच्या आधी तेल सोडणारा लुब्रिकेटर आणि पुढे तेल अडवणारा फिल्टर लावावाच लागतो.

कंप्रेसरची पुली क्रँकपुलीच्या, म्हणजे पट्टा फिरवणाऱ्या इंजिनाच्या पुलीच्या, रेषेत आहे का, हे सरळ पट्टी लावून पाहावे. बाहेर पडणारी हवा चांगलीच तापलेली असते, तेव्हा पहिली नळी स्टीलच्या जाळीची असावी. हवेच्या टाकीला सेफ्टी व्हॉल्व्ह, टाकीच्या आधी हवा मागे न जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि दाब पुरेसा झाला की कंप्रेसरचा क्लच बंद करणारा प्रेशर स्विच हवाच. यात काटकसर करणे मला मुळीच मान्य नाही.

गोव्यात कुळे येथून दूधसागर धबधब्याकडे जाताना गाडी ओढ्यांत उतरते, त्यामुळे हवा ओढण्याचा फिल्टर बॉनेटखाली शक्य तितका उंच बसवावा. गोव्याच्या दमट हवेत टाकीत पाणी फार लवकर साचते: पावसाळ्यात तळाचा कॉक उघडला की आधी तांबूस पाणी येते, मग हवा.