शिंगाळ्याच्या पिल्लाची कवटी बघताना

मांडवी नदीच्या मुखाशी जाळ्यात नर शिंगाळा (समुद्री मांजरमासा) आला की आधी त्याचं तोंड उघडून बघ. आत अंडी किंवा पिल्लं असू शकतात. ती सांभाळतो बापच. पिल्लं वेगवेगळ्या लांबीची घे, एकाच मापाची दहा नकोत.

कवटी कशी घडते ते दिसायला पिल्लं दोन रंगांत रंगवायची: अल्शियन निळ्याने कूर्चा, म्हणजे मऊ लवचीक सांगाडा, रंगते, अलिझारिन लालने हाड. निळ्या द्रावणातलं आम्ल कोवळ्या हाडातलं कॅल्शियम काढून घेतं. माझी पहिली पिल्लं त्यात फार वेळ राहिली आणि जबड्यात हाडच नाही असं मी वहीत लिहिलं. ती नोंद पुढे खोडावी लागली.

कल्ल्याच्या झाकणाचं हाड, जबडा लवकर लाल होतात. कवटीचं छप्पर बरंच उशिरा. ते बहुतेक आधी कूर्चा न होता थेट पातळ पडद्यातच घडतं, तिथे निळा शोधू नकोस.