नव्वद गुण आणि भाकरी

प्रिय,

रोजची कामं माणूस स्वतः किती करतो हे शंभरपैकी मोजणाऱ्या बार्थेल गुणपद्धतीत नव्वद गुण मिळालेल्या तुझ्या पॅरालिसिसच्या पेशंट बाई घरी दिवसभर पलंगावर बसून असतात, म्हणून तुला वाटतंय मोजणीत गडबड झाली. मोजणी बरोबर असणार. महोनी आणि बार्थेल यांनी १९६५ साली ही गुणपद्धत मांडली तेव्हाच बजावून ठेवलं होतं की शंभर गुणांचा माणूसही एकटा राहू शकेलच असं नाही, त्याला स्वयंपाक जमेलच असं नाही. खाणं, अंघोळ, कपडे, संडास, चालणं, जिना असल्या दहा गोष्टींपुरताच तिचा हिशेब. तुझ्या पेशंटनं जन्मभर भाकऱ्या थापल्या, त्याला तिथे एकही गुण नाही.

शिवाय हातानं जमणं वेगळं आणि जमेल असं वाटणं वेगळं. गॅरी कीलहॉफनर आणि सहकाऱ्यांनी १९८० साली माणूस आणि त्याची रोजची कामं यांचं जे मॉडेल मांडलं, त्यात आपल्या क्षमतेबद्दल माणसाच्या स्वतःच्या अंदाजाला फार मोठी जागा आहे. पॅरालिसिसनंतर हा अंदाज बहुतेकदा घरच्यांच्या मायेनंच घसरतो. सून हुक लावते, मुलगा घास भरवतो, ‘आई, तुम्ही बसा, आम्ही आहोत ना.’ काही आठवड्यांत बाईंनाही पटतं की आता आपल्याच्यानं होत नाही. डायनामोमीटरवर, म्हणजे पकडीचा जोर मोजायच्या यंत्रावर, पकड वाढत असते आणि बाई घरी आणखी आणखी बसत जातात.

तेव्हा आधी त्यांना विचार. सीओपीएम ही पेशंटच्याच तोंडून अडचणी काढून घ्यायची मुलाखत त्यासाठीच आहे. दिवसातली कोणती कामं अडतात ते त्यांच्या तोंडून येऊ दे, महत्त्वाची पाचपर्यंत निवडायला लाव. मग प्रत्येक काम किती जमतं आणि त्यावर समाधान किती, याला एक ते दहात गुण त्यांनाच देऊ दे. मुलगा मध्ये बोलेल, त्याला गोड बोलून बाहेर चहाला पाठव.

मग काम करताना बघ. चहाच करायला सांग, पण त्याआधी उजव्या, म्हणजे अशक्त हाताची संवेदना तपास. गरम-गार कळत नसेल तर गॅसजवळ तो हात नको. बघताना नुसतं मनगट बघू नकोस. सुरुवात कुणी सांगायच्या आत करतात का, साखरेचा डबा शोधताना अडखळतात का, दूध उतू जायला आलं हे वेळेत लक्षात येतं का, चूक झाल्यावर सावरतात की हात गाळून बसतात, हे सगळं लिहून घे. पेगबोर्ड, म्हणजे भोकांत खुंट्या लावायची फळी, बोटांचा वेग मोजायला उत्तम. उपचार म्हणून रोज रोज त्याच खुंट्या लावून घेणं मला कंटाळवाणं वाटतं, पेशंटला तर वाटतंच. कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात ओटीची, म्हणजे आपल्या ऑक्युपेशनल थेरपीची, शाळा काढली, तेव्हापासून काम हेच आपलं औषध आहे. ते कपाटात ठेवून खुंट्या कशाला?

भाकरीचे तुकडे पाड. आधी बाई स्टुलावर, परात टेबलावर. उजवा हात परात नुसती धरून ठेवेल, मळेल डावा. मग उजव्या तळव्यानं पीठ दाबायचं. थापणं नंतर, उभं राहून तर त्याहूनही नंतर. खांदा निखळता असेल तर तो हात लोंबकळू देऊ नकोस, टेबलाचा आधार दे. ब्लाउजचं उलटं कर: अशक्त हात बाहीत आधी, मग सगळे हुक तू लाव, शेवटचा त्यांना सोड. पुढे शेवटचे दोन. काम पुरं होतं ते त्यांच्या हातून. ‘छान, छान’ म्हणून पाठ थोपटल्यानं अंदाज सुधारत नाही. लागलेल्या हुकानं सुधारतो.

सगळ्यांचा अंदाज खालीच असतो असंही नाही. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेला एखादा काका ‘मला काही झालेलं नाही’ म्हणेल आणि डावा खांदा दारावर आपटेल. त्याच्याशी वाद घालू नकोस. कामाआधी विचार: किती वेळ लागेल, किती मदत लागेल? झाल्यावर त्याचंच उत्तर त्याच्यापुढे ठेव. हे पुन्हापुन्हा, न चिडता.

आणि उत्साहाला लगाम घाल. सी-६ पातळीच्या, म्हणजे मानेतल्या, मणक्याच्या इजेत बोटं हलत नाहीत, पण मनगट वर उचललं की ती आपोआप मिटतात, आणि एवढ्या पकडीवर माणूस हलक्या वस्तू उचलतो. मनगट आणि बोटं दोन्ही एकदम सरळ ताणत राहिलीस तर ही पकड सैल पडेल. तिथे बोटांचा थोडा ताठरपणा हीच त्याची पुंजी.

तुझ्या बाईंच्या सुनेशी बोलताना जप. तिनं जे केलं ते सेवा म्हणूनच केलं, त्यात तिला दोष लागता कामा नये. तिला एवढंच सांग की दुपारच्या निवांत वेळी शेवटचा हुक लागेपर्यंत हात मागे ठेवायचे. सकाळच्या डब्याच्या घाईत हे मागू नकोस, होणार नाही. काही आठवड्यांनी सीओपीएम पुन्हा घे. गुण दोनांनी वर गेले असतील तर बदल खरा धर, आणि मग जिन्याचं बघू.

तुझी,
मॅडम