लग्नाच्या चित्रीकरणासाठी हार्ड डिस्क की एसएसडी?

प्रश्न : सांगलीच्या गावभागात आमचा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. एका लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ मिळून सुमारे 400 जीबी होतात. आमच्या ऐपतीत दोन टीबीच्या दोन पोर्टेबल हार्ड डिस्क किंवा एक टीबीची एक पोर्टेबल एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) बसते. यांपैकी काय घ्यावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण दोन हार्ड डिस्क घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. एसएसडी कमी प्रतीची असते असे मुळीच नाही, परंतु ग्राहकाच्या लग्नाचे चित्रीकरण पुन्हा करता येत नसल्यामुळे, एका वेगवान प्रतीपेक्षा दोन संथ प्रती आपल्या व्यवसायाला अधिक उपयोगाच्या ठरतील.

वेगातील फरक मात्र मोठा आहे. साधारण पोर्टेबल हार्ड डिस्क सेकंदाला 120 एमबीच्या आसपास माहिती लिहिते, म्हणजे 400 जीबीला तासाभराच्या आत-बाहेर वेळ लागतो. चांगली एसएसडी हेच काम काही मिनिटांत करू शकते. पण त्यासाठी संगणकाचा पोर्टही (केबल जोडण्याची खाचही) तेवढाच सक्षम हवा. जुन्या यूएसबी 2.0 पोर्टवर कोणतेही उपकरण जोडले, तरी प्रत्यक्षात सेकंदाला 35 ते 40 एमबीच वेग मिळतो आणि त्याच कामाला तीन तास सहज जातात. म्हणून खरेदीपूर्वी आपल्या संगणकाचे पोर्ट तपासून घ्यावेत.

हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीच्या अगदी जवळून वाचन-लेखनाचे टोक सरकत असल्याने, चालू असताना ती पडली तर माहिती जाण्याचा धोका मोठा असतो. एसएसडीत हलणारा भाग नसतो. त्यामुळे मंगल कार्यालयात कॅमेऱ्याची कार्डे रिकामी करण्यासाठी किंवा संपादनासाठी पुढे कधी पैसे जमले तर एसएसडी जरूर घ्यावी. परंतु एसएसडीतील माहिती विद्युतभाराच्या रूपात साठवलेली असते आणि वीज न मिळता, विशेषतः उष्ण जागी, दीर्घकाळ पडून राहिल्यास तो भार क्षीण होऊ शकतो. वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्यासाठी मी ती निवडणार नाही.

आपल्या पत्त्यामुळे आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. 2005, 2019 आणि 2021 साली कृष्णेचे पाणी शहरात शिरले होते. दोन्ही डिस्क स्टुडिओच्या एकाच कपाटात राहिल्या, तर दोन प्रती केल्याचा काहीच उपयोग होणार नाही. एक डिस्क पाणी न पोहोचणाऱ्या भागातील नातेवाइकांकडे ठेवावी आणि पावसाळ्यापूर्वी ती अद्ययावत करावी.

डिस्क एक्सफॅट या फाइल-मांडणीच्या पद्धतीने फॉरमॅट करावी, कारण फॅट32 या जुन्या पद्धतीत चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि लग्नाचे सलग चित्रीकरण ती मर्यादा सहज ओलांडते. प्रत पूर्ण झाल्यावर काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात, त्यानंतरच कार्ड पुसावे.