पाच वर्षांचा मुलगा पुड्यातलंच खातो, घरचं नको म्हणतो. त्याला चांगलं खाणं निवडायला कसं शिकवू?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा भाकरी-भाजीला तोंड लावत नाही, बिस्किटं आणि कुरकुरीत पुडे मात्र कधीही खातो, आणि आजोबा रोज संध्याकाळी दुकानातून काहीतरी आणतातच. मी औसा तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. हेच गाऱ्हाणं माझ्याकडे कितीतरी आया घेऊन येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सकाळचा चहा बघा. आपल्याकडे लेकरू उठलं की चहा आणि त्यात बुडवलेली बिस्किटं किंवा टोस्ट. मैदा-साखरेनं पोट भरल्यावर जेवणाच्या वेळी भाकर कुठून जाणार? शिवाय चहामुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. माझं ऐकाल तर बाकी काही शिकवायच्या आधी हा चहा बंद करा. चार दिवस रडेल, रडू द्या. उठल्यावर दूध, नाहीतर गरम भाकरीवर तूप-गूळ द्या.

काय रांधायचं, किती वाजता आणि कुठं बसून जेवायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. ताटातलं किती खायचं, हे लेकरानं. "भाजी संपव, मग चॉकलेट देते" म्हटलं की भाजी शिक्षा होते आणि चॉकलेट बक्षीस. नवी भाजी कधीकधी दहा-पंधरा वेळा ताटात आल्यावर मुलं खायला लागतात. चिमूटभर वाढा, नाही खाल्ली तर काही बोलू नका, चार दिवसांनी पुन्हा वाढा.

निवडायला शिकवायचंय ना, मग त्याला आठवडी बाजारात न्या. हातात वीस रुपये द्या आणि सांगा, आज एक माळवं तू घ्यायचंस. गाजर घेईल, काकडी घेईल, नाहीतर भलामोठा मुळा उचलेल, घेऊ द्या. भाव त्यालाच विचारू द्या. घरी आल्यावर धुवायला, वाटाणे सोलायला त्यालाच बसवा. स्वतः आणलेलं माळवं चाखून बघायची मुलांना फार हौस असते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. घरी मात्र "काय खातोस?" असं मोकळं विचारू नका, उत्तर पुडाच येणार. "मुगाची उसळ करू की मटकीची?" असं विचारा. दोन्ही चांगलंच, पण ठरवलं त्यानं.

आपल्या लातूर-धाराशिवकडची वेळ अमावस्या आठवा, त्या दिवशी सगळं घर शेतात जाऊन जेवतं. घरी मेथीचं पान वेचून बाजूला काढणारी लेकरं शेतात भज्जी, म्हणजे मिसळीची भाजी, खातात. तिच्यात तूर, हरभरा, वाटाणा, पालेभाज्या, गाजर सगळं असतं, वर आंबील पितात. रानात हुंदडून कडकडून भूक लागलेली असते आणि शेजारी बसलेले सगळे तेच खात असतात. म्हणून दिवसातलं एक जेवण तरी सगळ्यांनी एकत्र, मोबाईल-टीव्ही बंद करून आणि तेच अन्न वाढून घ्या. बाप भाजी बाजूला सारत असेल तर मुलगाही सारणारच.

पुड्याची मागची बाजू तुम्ही वाचा आणि त्याला वाचून दाखवा. जो घटक वजनानं सगळ्यांत जास्त, तो यादीत पहिला लिहितात. बऱ्याच बिस्किटांवर मैदा, साखर, पामतेल हीच नावं वर दिसतील. शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, तेलाचे पदार्थ विकू नयेत असा नियम २०२० मध्येच आलाय. शाळेसमोर तसली टपरी असेल तर चार पालक मिळून मुख्याध्यापकांना भेटा.

आजोबांना मुलासमोर काही बोलू नका. नातवासाठी काहीतरी न्यावं ही त्यांची माया आहे, ती राहू द्या. केळी, पेरू, राजगिऱ्याचा लाडू, दिवाळीच्या सुमारास सीताफळ आणा म्हणावं. शेंगदाणे-फुटाणेही चालतील, पण घरात धाकटं लेकरू असेल तर चार वर्षांखालच्याला अख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. कूट करून द्या. पुडा साफ बंद करू नका, नाहीतर मुलं चोरून खायला शिकतात. आठवड्यातून एक दिवस ठरवा आणि सगळ्यांनी वाटून खा.

हे सगळं करताना जवळच्या अंगणवाडीत किंवा दवाखान्यात दर महिन्याला वजन बघत जा. दोन-तीन महिने वजन हललंच नाही किंवा लेकरू फिकट, मलूल दिसायला लागलं, तर डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन तपासून घ्या.