‘अलोन इन द डार्क’सारखा भुताच्या हवेलीतला जुना गेम आज खेळला, तर भीती वाटते की हसू येते?

आपण विचारले आहे की, 1992 चा ‘अलोन इन द डार्क’ आज खेळायला घेतला तर त्यातली पुठ्ठ्याच्या घड्या घालून केल्यासारखी टोकदार माणसे पाहून हसू येईल की खरोखर भीती वाटेल. माझ्या अनुभवाने सांगायचे तर दोन्ही होते. आधी हसू येते आणि ते फार वेळ टिकत नाही. मी हा गेम प्रथम 2001 च्या सुमारास लातूरला आतेभावाच्या संगणकावर खेळलो, म्हणजे तेव्हाही तो जुनाच होता, आणि मागच्या दिवाळीच्या सुट्टीत तो पुन्हा शेवटपर्यंत खेळलो.

कथा थोडक्यात अशी आहे. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात डेर्सेटो नावाची हवेली आहे आणि तिचे मालक, चित्रकार जेरेमी हार्टवुड, यांनी तिथेच गळफास घेतलेला आहे. काळ 1920 च्या दशकातला. एडवर्ड कार्नबी हा गुप्तहेर किंवा जेरेमीची पुतणी एमिली यांपैकी एकाला निवडून आपण त्या घरात शिरतो, आणि खेळ सुरू होतो तो थेट माळ्यावर. तिथून मजला मजला उतरत खाली आणि शेवटी घराखालच्या गुहांमध्ये जायचे असते. आमच्या भागात जवळपास प्रत्येक गढीखालून किल्ल्यापर्यंत भुयार असल्याचे छातीठोकपणे सांगितले जाते, त्यामुळे हा उतरता प्रवास मला अजिबात परका वाटला नाही.

त्या माळ्याचेच उदाहरण घेतो, कारण या गेमचा सगळा स्वभाव त्या एका खोलीत दिसतो. खोलीत एक खिडकी, एक उंच कपाट, एक जुनी पेटी आणि जमिनीत एक झडप आहे. नवखा खेळाडू साहजिकच सामान उचकायला लागतो. तेवढ्यात खिडकी फोडून मोठ्या जबड्याचे एक जनावर आत येते आणि मागोमाग झडप उचलून एक प्रेत वर चढते. मी इथेच चार वेळा मेलो. पाचव्या वेळी शेजारी बसलेला आतेभाऊ वैतागून म्हणाला, “अरे, ते कपाट सरकव की खिडकीपुढं!” कपाट ढकलत नेऊन खिडकीला लावले, पेटी रेटत झडपेवर बसवली आणि दोघे वाट पाहत बसलो. कोणीच आले नाही. आमची आजी रात्री दाराला अडसर घालून वर उखळ टेकवून ठेवायची, ते मला तेव्हा आठवले. बंदूक चालवता येण्यापेक्षा घरातली वस्तू कुठे सरकवायची हे कळणे या गेममध्ये जास्त उपयोगी पडते, आणि पहिल्या पाच मिनिटांत त्याने ते आम्हाला चार मरणांच्या मोबदल्यात शिकवले होते.

आता भीतीचे मुख्य कारण सांगतो. त्या काळच्या घरगुती संगणकाला अख्खे घर त्रिमितीत, हलत्या कॅमेऱ्याने दाखवणे झेपणारे नव्हते. म्हणून इन्फोग्राम्स या फ्रेंच कंपनीतील फ्रेडरिक रेनाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा मार्ग काढला की माणसे व भुते तेवढी त्रिमितीत ठेवायची आणि खोल्या मात्र आधीच रंगवून ठेवलेली स्थिर चित्रे असतील. चित्र स्थिर म्हटल्यावर पाहण्याची जागाही ठरलेलीच. कधी आपण छताच्या कोपऱ्यातून स्वतःच्या डोक्याकडे पाहत असतो, कधी जमिनीलगत. आणि दोन पावले पुढे गेल्यावर चित्र एकदम बदलते, तेव्हा इतका वेळ समोर काय उभे होते ते दिसते. मान वळवून पाहण्याची सोयच नाही. हल्लीच्या गेममध्ये कॅमेरा खेळाडूच्या हातात असतो, त्यामुळे शंका आली की तो आधी चारी बाजू पाहून घेतो. इथे शंका येते आणि तशीच राहते. चित्रांचा खडबडीतपणा मग लक्षातही येत नाही, कारण डोळे चौकटीच्या कडेला लागलेले असतात.

दुसरे कारण घराच्या रचनेत आहे. डेर्सेटो हे टप्प्याटप्प्यांनी संपवायचे मैदान नाही. ती सलग एक वास्तू आहे आणि तिच्यात पुन्हा पुन्हा त्याच बोळातून जावे लागते. तिथल्या ग्रंथालयात वाचणाऱ्याचाच जीव घेणारी एक पोथी आहे, तर नाचघरात भुतांची जोडपी आहेत. कुठे काय आहे हे एकदा पाठ झाले की घर आपले वाटू लागते, आणि नेमके तेव्हाच ते दगा देते. आजोळचा आमचा वाडा औशाजवळ होता. ढाळज, बळद, माडीचा जिना हे सगळे अंधारातही पायांना ठाऊक असायचे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, मातीच्या जड माळवदाची दगडी घरे त्या पट्ट्यात कोसळली, आणि आमचा वाडा तडे जाऊन उभा राहिला तरी त्यात झोपायला त्यानंतर कोणी तयार होईना. आम्ही अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. रोजच्या घराकडे बिचकून पाहणे म्हणजे काय, हे मला त्यामुळे गेम खेळण्याआधीच माहीत होते. कदाचित म्हणूनच हा गेम मला इतरांपेक्षा जास्त लागला असेल, हे मान्य करतो.

याच वळणाचा दुसरा गेम म्हणजे कॅपकॉमचा 1996 चा ‘रेसिडेंट इव्हिल’. कॅपकॉमनेच 1989 मध्ये फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या घरगुती गेमयंत्रासाठी काढलेल्या ‘स्वीट होम’ या शापित हवेलीच्या गेमची नवी आवृत्ती करावी, या विचारातून त्याची सुरुवात झाली होती. कॅमेरा इथेही स्थिरच आहे. दार उघडताना काळ्या पडद्यावर ते दार सावकाश उघडताना दिसते. सीडीवरून पुढची खोली वाचायला लागणारा वेळ त्याआड लपवलेला आहे, पण खेळणाऱ्याचा श्वास तेवढा वेळ अडकतो. शिवाय खेळ जतन करायचा तर टाइपरायटर गाठावा लागतो आणि शाईची फीतही मोजकीच मिळते. आमच्याकडे तेव्हा भारनियमन जोरात होते. दिवे गेले की यूपीएसची पिपाणी सुरू व्हायची, आणि ती बंद पडायच्या आत त्या गेमची नायिका जिल हिला लंगडत लंगडत टाइपरायटरपर्यंत पोहोचवण्याची जी धांदल उडायची, तेवढा घाम मला त्यातल्या कुत्र्यांनीही फोडला नाही.

दोषही सांगायला हवेत. ‘अलोन इन द डार्क’मधली मारामारी अत्यंत कंटाळवाणी आहे. धावण्यासाठी वरचा बाण दोनदा झटकन दाबावा लागतो आणि ऐन वेळी तो ऐकत नाही. ढकलणे, शोधणे, लढणे यांसाठी दर वेळी यादी उघडून क्रिया निवडावी लागते. काही कोड्यांना तर्क कमी आणि नशीब जास्त लागते, तिथे अडल्यास इंटरनेटवर उत्तर पाहण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. 2024 मध्ये हा गेम नव्याने बनवला गेला. तो देखणा आहे, पण त्यात कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे आहे, त्यामुळे मी वर सांगितलेली भीती त्यात शोधू नये.

मूळ गेम गॉग या ऑनलाइन दुकानात मिळतो आणि आजच्या साध्या संगणकावर चालतो. रात्री, कानाला हेडफोन लावून आणि एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त नाही, असा खेळावा. त्यात हवे तिथे सेव्ह करता येते, तेव्हा कंजूषपणा करू नये. तळमजल्यावर पोहोचलात की बाहेर जाण्याचा मुख्य दरवाजा दिसेल आणि आता सुटलो असे वाटेल. तो एकदा जरूर उघडून पाहा. फक्त त्याआधी सेव्ह करायला विसरू नका.