शहराची हवा कशी आहे हे कळायला चिमणी बघावी की झाडावरचं दगडफूल?

प्रश्न हवेचाच असेल तर दगडफूल. चिमण्या कमी झाल्या म्हणजे हवा बिघडली, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. वळचण किंवा भिंतीतलं भोक मिळालं नाही की चिमणी दुसरीकडे जाते. पिल्लांना सुरुवातीला अळ्या-किडेच भरवावे लागतात, त्यामुळे कीटकनाशकांचा फटकाही तिला बसतो. यातून हवेचा वाटा वेगळा काढणं कठीण.

दगडफूल जागचं हलत नाही. बुरशी आणि शैवाल यांचं ते एकत्र बिऱ्हाड. त्याला मुळं नाहीत, पानावर असतो तसा मेणचट थरही नाही. पाणी, क्षार, विषारी वायू सगळं अंगानेच शोषलं जातं. सल्फर डायऑक्साइडने शैवालातलं हरितद्रव्य नासतं. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत वाढणारी दगडफुलं शहरात इतरत्र दिसत नाहीत, हे फिनलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम नीलँडर यांनी १८६६ मध्येच नोंदवलं होतं.

मात्र खोडावर काहीतरी दिसलं म्हणून हवा चांगली असं समजू नका. आपल्याकडे आंब्याच्या सालीला घट्ट चिकटलेले राखाडी चट्टे पुष्कळदा पिक्सीन कोकोज या जातीचे असतात. ही जात प्रदूषण सोसते, म्हणूनच हवेतले जड धातू तपासायला संशोधक ती वापरतात. झुडपासारखी, लोंबणारी दगडफुलं सहसा सगळ्यात नाजूक. ती टिकून असतील तर ती खरी चांगली खूण.

मोजायचं असेल तर एकाच जातीची, सरळ वाढलेली, साधारण सारख्या घेराची झाडं घ्या. जमिनीपासून १ मीटरवर १० सेंमी रुंद आणि ५० सेंमी उंच चौकट लावा, तिचे पाच चौकोन करा आणि चारही दिशांना प्रत्येक जात किती चौकोनांत आहे ते लिहा. पेरू, नीलगिरी नकोत, त्यांची साल गळते. चुना-गेरू फासलेलं खोडही बाद. खोडावरचं ते दगडफूलच का, अशी शंका आली तर पाणी फवारा: कोरडं राखाडी दगडफूल बघता बघता हिरवट होतं. बोटाला हिरवी भुकटी लागली तर ते बहुधा नुसतं शैवाल.

सर्वांत मोठी चूक होते ती उन्हाची. रस्त्याकडेचं तापलेलं झाड आणि बागेतलं सावलीतलं झाड यांची तुलना केली, तर कोरडेपणाचा परिणाम प्रदूषणाच्या नावावर जातो. खरवडून नमुने घेऊ नका. बऱ्याच जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. त्यामुळे त्याच झाडांची पुढची मोजणी दोन-तीन वर्षांनी करा. यंदाच्या हंगामात घरट्यांच्या जागा किंवा किडे कमी झाले का, हे बघायचं असेल तर मात्र चिमण्याच मोजा.